नवीन खातं आणि खात्यात बदल: एकच फॉर्म ठेवू की दोन?

सावदेकर | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. आमच्या भागातल्या एका केळी उत्पादक गटासाठी वेब ॲप्लिकेशन करतोय. सभासदाचं खातं, त्याच्या बागांची नोंद, कापणीला किती घड गेले, वजन किती भरलं, पैसे कधी जमा झाले, एवढंच. लारावेल (पीएचपी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल डेटाबेस. दिवसा नोकरी, हे काम रात्रीचं, आणि करणारा मी एकटा.

हिशोबाचा भाग अवघड जाईल असं वाटलं होतं, तो झाला. अडकलो खातं उघडायच्या फॉर्मवर. हसू नका.

मी एकच फॉर्म केला होता. आयडी आला तर बदल, नाही आला तर नवीन खातं. टेम्प्लेट (पानाचा साचा) तेच, कंट्रोलर (फॉर्म हाताळणारा कोड) तोच, नियमही तेच. कोड निम्मा झाला म्हणून स्वतःवरच खूश होतो. मग वीस सभासदांना वापरायला दिलं.

एका काकांनी फक्त गावाचं नाव दुरुस्त केलं, पासवर्डची चौकट कोरी सोडली. माझ्या कोडने इमानदारीत त्या कोऱ्या पासवर्डचा हॅश (पासवर्डचं उलट वाचता न येणारं रूप) करून जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी काका बाहेर. दुसरे एक पत्ता बदलायला गेले तर फॉर्म म्हणतो, "हा मोबाइल नंबर आधीच नोंदलेला आहे." नोंदलेला होता खरा, त्यांनीच! तिसऱ्या घरात बाप आणि मुलगा दोघेही सभासद, दोघांच्या नावावर वेगवेगळी बाग, फोन एकच. मुलाचं खातं उघडेचना. आणि गटाचा कारकून रोज फोन करतो की काही जणांचा नंबर फॉर्म घेतच नाही. मी तोच नंबर टाकतो तर घेतो.

आता दोन वेगळे फॉर्म करू का? की यालाच ठिगळं लावू? अनुभवी लोकांनी बोला.

---

जुना सर्व्हर | सोमवार, रात्री ११:२५

दोन करा.

कारण सांगतो. दिसायला चौकटी सारख्या असल्या तरी प्रश्न वेगळे आहेत. नवीन खात्यात माणूस सांगतो मी कोण. बदलात तो सांगतो की माझ्याबद्दलची ही एक गोष्ट चुकलीय, बाकीचं जागच्या जागी राहू द्या. तुमचा फॉर्म "बाकीचं" हा शब्दच ओळखत नाही, म्हणून काका बाहेर राहिले.

जँगो (पायथन भाषेतलं असंच फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांना विचारा. तिथे यूजर क्रिएशन फॉर्म आणि यूजर चेंज फॉर्म असे दोन वेगळे तयारच मिळतात. दुसऱ्यात पासवर्डची चौकटच नाही, फक्त न बदलता येणारा हॅश दिसतो आणि पासवर्ड बदलायला वेगळं पान. लिहिणाऱ्यांनी उगाच केलं नाही ते.

मोबाइलचं सोपं आहे. बदल करताना युनिक तपासणीतून (हा नंबर आधी कुणाचा आहे का ते पाहणं) स्वतःची ओळ वगळायची असते, लारावेलमध्ये त्याला इग्नोर आहे. पण त्याला द्यायचा आयडी फॉर्ममधून घेऊ नका, डेटाबेसमधून काढलेल्या खात्याचा द्या. त्यांच्या दस्तऐवजातच तशी स्पष्ट ताकीद आहे. आणि हे सगळं झाल्यावरही डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स (तोच नंबर दोनदा येऊ न देणारी डेटाबेसची अट) हवाच. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर तपासणीत दोन्ही पास होतात, अडवतो तो इंडेक्स.

आता मुख्य. फॉर्ममधून आलेलं सगळं तसंच अपडेटला देताय का? रिक्वेस्ट ऑल, म्हणजे न निवडता सगळे रकाने?

---

सावदेकर | सोमवार, रात्री ११:३१

हो… का?

---

जुना सर्व्हर | सोमवार, रात्री ११:५०

तुमच्या तक्त्यात भूमिकेचा रकाना असणार. सभासद, कारकून, संचालक. फॉर्मवर तो दिसत नसला तरी ब्राउझरमध्ये एक जादा इनपुट घालून पाठवायला कॉलेजच्या पोराला दोन मिनिटं पुरतात. तुमच्या फिलेबलमध्ये (फॉर्मवरून थेट भरता येणाऱ्या रकान्यांच्या यादीत) तो रकाना असेल तर पोरगा संचालक.

गंमत नाही करत. मार्च २०१२ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर हेच घडलं. पब्लिक की (कोड पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी किल्ली) बदलायचा एक साधा फॉर्म होता. इगोर होमाकोव्ह नावाच्या तरुणाने त्यात एक जादा रकाना घुसवून स्वतःची की रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या खात्याला जोडली आणि त्यांच्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) कमिट, म्हणजे बदल, टाकून दाखवली. त्यानंतर २०१३ च्या रेल्स ४ मध्ये कुठले रकाने घ्यायचे ते कंट्रोलरमध्ये नावानिशी सांगणं आलं. आणि तोही बदलाचाच फॉर्म होता, लक्षात घ्या. नवीन खात्याकडे सगळे डोळे लावून बसतात, चोर बदलाच्या दाराने येतो.

दुसरं, ब्राउझरच्या पत्त्यातला आयडी ४१ चा ४२ करून पाहा. दुसऱ्याचं खातं उघडलं तर आज रात्री झोपू नका.

---

सावदेकर | मंगळवार, रात्री १२:०४

उघडलं.

---

भरीतपुरी | मंगळवार, सकाळी ७:१५

सकाळी सकाळी धागा वाचला आणि चहा नाकात गेला. सावदेकर, झोप झाली का?

---

तापीकाठ | मंगळवार, सकाळी ९:३०

जरा वेगळं मत. दोन फॉर्म केले की उद्या एक नवी चौकट वाढवायची तर दोन ठिकाणी वाढवावी लागते आणि एक ठिकाण हमखास विसरतं. पासवर्ड कोरा असेल तर तो रकाना वगळ, बदल असेल तर इग्नोर लाव, भूमिका कधीच घेऊ नको. तीन इफ, म्हणजे कोडमधल्या तीन अटी. झालं.

आणि एक सूचना. पत्त्यात जिल्हा, तालुका विचारूच नका. पिनकोड घ्या, जिल्हा आपोआप भरा. निम्मा फॉर्म कमी.

---

साक्रीची लेक | मंगळवार, सकाळी ११:०५

तापीकाठ दादा, ते तीन इफ पुढच्या दिवाळीपर्यंत तेरा होतात. केलंय, भोगलंय. चौकटींचा तुकडा एक ठेवा, तो दोन्ही पानांनी उचलावा. पानांचे वेब पत्ते, नियम आणि परवानग्या मात्र वेगळ्या. चौकट वाढली तर एकाच ठिकाणी वाढते.

मला बोलायचंय नावाबद्दल. सावदेकर भाऊ, नावाच्या चौकटी किती ठेवल्यात? बहुतेक तीन, आणि तिन्ही सक्तीच्या. लग्न झालेल्या बाईचं काय होतं बघा. सातबाऱ्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकावर तिसरंच काहीतरी. मधल्या चौकटीत वडील की नवरा? माझ्या मावशीने असाच एक फॉर्म भरला, दुसऱ्या दिवशी उघडून पाहिला आणि विचारलं, "मन्हं नाव कोठे गयं?" कारकुनाने बदल करताना नवऱ्याचं नाव घालून टाकलं होतं. त्यातून १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर राज्यात आता आईचंही नाव येतं: स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. ती मुलं मोठी होऊन तुमच्या तीन चौकटींत कशी बसणार?

मी एकच लांब चौकट ठेवते, "तुमचं पूर्ण नाव, तुम्ही लिहिता तसं". बँकेतलं नाव पैसे द्यायची वेळ येईल तेव्हा वेगळं, पासबुकात छापलंय तसं.

आणि नाव अधिक जन्मतारीख यावरून माणूस ओळखायला जाऊ नका. जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, गुरुजींच्या कृपेने. आडनाव पाटील, तारीख १ जून, चला शोधा! गटाचा सभासद क्रमांक आहे ना? तो ओळख. मोबाइल म्हणजे निरोप पोचवायचा रस्ता, एका रस्त्यावर दोन घरं असू शकतात. लॉगिनला सभासद क्रमांक घ्या, बाप-लेकाचा प्रश्न सुटला.

---

धडगावकर | मंगळवार, दुपारी १:२०

तापीकाठ, पिनकोडवरून जिल्हा? अमळनेर ४२५४०१, जिल्हा जळगाव. शिरपूर ४२५४०५, जिल्हा धुळे. नंदुरबार ४२५४१२, जिल्हा नंदुरबार. पहिले चार आकडे एकच आणि जिल्हे तीन. चाळीसगाव ४२४१०१, दिसायला धुळ्याच्या ४२४००१ चा भाऊ, पण जिल्हा जळगाव. पिनकोड टपालाच्या सोयीसाठी १९७२ साली आला, नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. टपालखात्याने आपल्याला विचारून आकडे पाडले नाहीत. पूर्ण सहा आकडी यादी ठेवली तरी फक्त सुचवायचं, निवडायचं माणसाने.

तालुक्याच्या यादीचंही ऐका. सरकारी यादीत आमचा तालुका "अक्राणी". मुख्यालय धडगाव, आणि लोक तालुक्यालाही धडगावच म्हणतात. एका नोकरीच्या फॉर्मवर मी ध अक्षराखाली तीनदा शोधलं, शेवटी "इतर" निवडलं. अर्ज बाद, कारण "इतर" म्हणजे राज्याबाहेरचा असं कुणीतरी ठरवलेलं. यादीत शोधताना दोन्ही नावं सापडली पाहिजेत. शिंदखेडा-सिंदखेडा तसंच. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मुक्ताईनगरचं एदलाबाद अजून असेलच.

---

तापीकाठ | मंगळवार, दुपारी १:४५

पिनकोडची सूचना मागे. तीन इफचं मात्र मागे नाही :)

---

कळण्याची भाकरी | मंगळवार, दुपारी ४:१०

कारकुनाच्या फोनचं उत्तर बहुतेक माझ्याकडे आहे. ज्यांचा नंबर घेत नाही त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे का विचारा. त्यावरून अंक देवनागरी येतात. तुमचा नियम इंग्रजी शून्य ते नऊ एवढंच ओळखतो, म्हणून ९८ त्याच्या लेखी अंकच नाहीत. तुम्ही इंग्रजीतून टाकता, तुमचं चालतं. सर्व्हरवर आल्याबरोबर देवनागरी अंक इंग्रजी करा, मधल्या मोकळ्या जागा आणि रेघा काढा, पुढचा शून्य किंवा अधिक ९१ काढा, मग दहा अंक मोजा. माणसाला "चुकीचा नंबर" म्हणण्याआधी आपण एवढं तरी करावं. आणि त्या इनपुटचा टाइप नंबर नको, टेल (फोन) ठेवा. मोबाइल नंबरची कुणी बेरीज करत नाही.

नावाच्या नियमाचंही तसंच. "फक्त अक्षरं" म्हणून युनिकोडचा (सगळ्या लिप्यांचं संगणकी मानक) अक्षर-वर्ग लावला असेल तर काना, मात्रा, वेलांटी त्यात येत नाहीत, ती चिन्ह-वर्गात आहेत. म्हणजे "मगर" चालेल आणि "पाटील" अडेल! दोन्ही वर्ग घ्या. मला विचाराल तर नावावर नियमच नको, रिकामं नसलं आणि फार लांब नसलं की बस. लांबीवरून आठवलं, "पाटील" वाचताना तीन अक्षरं, युनिकोडमध्ये पाच चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये (ती साठवायच्या पद्धतीत) पंधरा बाइट. पीएचपीचं साधं स्ट्रलेन पंधरा सांगतं, एमबी स्ट्रलेन पाच. वीसची मर्यादा बाइटमध्ये मोजली तर सात अक्षरचिन्हंसुद्धा मावत नाहीत.

आता खरी मौज. "वऱ्हाडे" आडनाव तुमच्या यादीत असणारच, विदर्भ शेजारी आहे. तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेसला दोन वेगळी माणसं. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगळ्या तऱ्हेने लिहिलेली सारखी अक्षरं एका रूपात आणणं) करून हे दोन एक होत नाहीत, मी करून पाहिलंय. वर काही हुशार फिल्टर "अदृश्य अक्षरं" साफ करायला जातात आणि जॉइनर उडवतात. मग बाई "वर्हाडे" होतात आणि फॉर्म भरल्यावर स्वतःलाच ओळखत नाहीत. नाव जसं आलं तसं जपा. शोधासाठी शेजारी दुसरा रकाना ठेवून त्यात दोन्ही र एक करून टाका.

---

भरीतपुरी | मंगळवार, सायंकाळी ६:३०

माझं आडनाव वऱ्हाडे नाही, पण एका ठिकाणी माझं नाव सहा प्रश्नचिन्हं असं आहे. ते लोक मला फोनवर काय म्हणत असतील?

---

सावदेकर | मंगळवार, रात्री १०:१५

भाऊ आणि ताई, धन्यवाद. आयडीचं भगदाड काल रात्रीच बुजवलं: स्वतःच्या खात्याच्या पानावर पत्त्यात आयडीच नाही, लॉगिन झालेला माणूस हाच आयडी. देवनागरी अंकांचं बरोबर निघालं. कारकून म्हणाला, "मग मी एवढे दिवस लोकांना चश्मा बदलायला सांगत होतो ते?"

आता पासवर्ड. माझा नियम असा: आठ अक्षरं, एक मोठं (कॅपिटल), एक अंक, एक विशेष चिन्ह. गटाचे अध्यक्ष म्हणतात दर तीन महिन्यांनी बदलायची सक्तीही करा. आणि मराठीत पासवर्ड चालू द्यावा का?

---

जुना सर्व्हर | मंगळवार, रात्री ११:००

दोन्ही सक्ती काढा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०१७ सालीच सांगितलं: अमुक चिन्ह हवंच हा हट्ट नको, ठराविक मुदतीने बदलायला लावणं नको, त्यापेक्षा फुटलेल्या पासवर्डच्या याद्यांशी ताडून पाहा आणि लांब पासवर्ड चालू द्या. पेस्टही चालू द्या. सक्ती केली की लोक गावाचं नाव, ॲट आणि १२३ लिहितात, तीन महिन्यांनी १२४ करतात. अध्यक्षांना हे असंच सांगा, त्यांचाही तोच असेल.

मराठीत चालेल, पण बीक्रिप्ट (पासवर्डचा हॅश करणारी पद्धत) फक्त पहिले ७२ बाइट बघतो. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे २४ चिन्हांच्या पुढे काहीही लिहा, त्याला फरक पडत नाही. कुणी अख्खी ओवी पासवर्ड ठेवली तर पहिल्या चरणातच दार उघडेल. ७२ च्या वर गेलं तर मुकाट कापू नका, आधीच सांगा. नाहीतर आर्गॉन-२ ही दुसरी हॅश पद्धत वापरा. मराठी पासवर्ड हॅश करण्याआधी नॉर्मलाइझ करायचा, आणि "दाखवा" बटण ठेवायचं. ठिपक्यांमागे जोडाक्षर टाइप करणं म्हणजे अंधारात सुईत दोरा.

---

साक्रीची लेक | बुधवार, सकाळी १०:४०

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. पैसे.

गाव बदलणं आणि बँक खातं बदलणं या दोन्ही गोष्टी तुमच्या "माहिती बदला" पानावर शेजारी शेजारी आहेत का? असतील तर आजच वेगळ्या करा. गाव चुकलं तर पत्र चुकेल. खातं चुकलं, किंवा कुणी मुद्दाम चुकवलं, तर अख्ख्या बागेच्या कापणीचे पैसे गेले. माझ्या आधीच्या एका कामात, नाव घेत नाही, एका सभासदाचा आयएफएससी एका अक्षराने चुकला आणि पैसे परत यायला पंधरा दिवस लागले. घरात लग्न होतं हो. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार इंग्रजी अक्षरं, पाचवं कायम शून्य. तिथे लोक इंग्रजी ओ टाकतात. एवढं तरी फॉर्मने पकडावं.

बँक खातं बदलताना पासवर्ड पुन्हा विचारा, जुन्या मोबाइलवर निरोप पाठवा, पुढचा हप्ता एक-दोन दिवस थांबवा. कुणी, कधी, काय होतं आणि काय केलं याची नोंद वेगळ्या तक्त्यात. ती कुणालाही पुसता येऊ नये, अध्यक्षांनाही नाही.

मोबाइल बदलणंही तसंच. नवा नंबर ओटीपीने खरा ठरेपर्यंत जुनाच चालू ठेवा, नाहीतर एक अंक चुकला की माणूस स्वतःच्या घराबाहेर. बंद पडलेला नंबर कंपन्या ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकतात, तेव्हा फक्त ओटीपीवर दार उघडू नका. ओटीपीचा मजकूर मराठीत करणार असाल तर एका एसएमएसमध्ये ७० चिन्हंच बसतात, इंग्रजीत १६० बसतात. मजकूर आधी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी यंत्रणेवर) मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे स्वागताचं भाषण नको. आकडा आणि गटाचं नाव.

आधार नंबरची चौकट ठेवली असेल तर काढा. कशाला हवाय तो?

---

सावदेकर | बुधवार, सकाळी ११:०२

…ठेवली होती. "सगळेच ठेवतात" म्हणून. काढतो.

---

जुना सर्व्हर | बुधवार, दुपारी १२:१०

ताईंना +१. त्यात एक जोड. कारकून आणि सभासद एकच खातं एकाच वेळी उघडून बसले तर? नंतर सेव्ह करणारा आधीच्याचं काम पुसतो आणि दोघांनाही कळत नाही. फॉर्म उघडताना शेवटच्या बदलाची वेळ सोबत द्या, सेव्ह करताना ताडून पाहा, जुळली नाही तर थांबवून दोन्ही दाखवा. सेव्ह झाल्यावर दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट करा. टॉवर गेला-आला की लोक रिफ्रेश मारतात आणि तोच फॉर्म दोनदा जातो.

---

सावदेकर | पुढचा रविवार, रात्री ९:२०

आज गटाच्या कार्यालयात बसून सगळं नव्याने दाखवलं. बाहेर ४२ अंश, आत एक पंखा, माणसं पंधरा.

फॉर्म दोन करायला निघालो, झाले चार. नवीन खातं, माझी माहिती, पैशाचं खातं, आणि चौथा कारकुनाचा. चौथा ठरवून केला नाही. कारकून शेजारी बसून वापरत होता तेव्हा लक्षात आलं की निम्मी खाती सभासद उघडतच नाहीत, तोच उघडतो, समोर माणूस बसलेला असतो, रांगेत अजून तिघे. त्याला पासवर्डची चौकट नकोच होती. तो सगळ्यांना एकच पासवर्ड देत होता. कोणता ते इथे लिहीत नाही, पण बहुतेकांनी ओळखला असेल. आता तो फक्त नाव, गाव, सभासद क्रमांक आणि मोबाइल भरतो, पासवर्ड सभासद स्वतःच्या फोनवर ओटीपी टाकून ठरवतो. तापीकाठ भाऊ, चौकटींचा तुकडा एकच आहे, चारही पानं तोच उचलतात. आतले इफ मोजले, शून्य.

ज्या काकांचा पासवर्ड मी कोरा करून ठेवला होता तेही आले होते. त्यांनी पुन्हा गावाचं नाव बदललं, सेव्ह केलं, बाहेर पडले, परत लॉगिन केलं. आत आले. मग मला म्हणाले, "आता त्या दिवशीचं पण नीट कर." त्या दिवशी आत येता आलं नाही म्हणून त्यांची एक कापणीची नोंद राहून गेली होती. कारकुनाने वहीतून शोधली, भरली.

एक अडलंय. आज एका ताईंना खातं बंद करायचं होतं, जमीन विकली म्हणे. मी बटण दिलं नव्हतं. ओळ पुसली तर मागच्या तीन हंगामांच्या कापणीच्या नोंदी कुणाच्या नावावर राहणार? कुणी केलंय का हे?

---

साक्रीची लेक | रविवार, रात्री ९:४८

केलंय. पुसू नका, बंद करा. लॉगिन थांबवायचं, मोबाइल आणि बँक खातं रिकामं करायचं, सभासद क्रमांक आणि कापणीच्या नोंदी तशाच. तो क्रमांक पुन्हा कुणालाही द्यायचा नाही. उद्या सविस्तर लिहिते, आत्ता पोरगं झोपत नाहीये.